शाळेतील यंत्र आणि ग्रंथपाल : बडोद्याच्या फिरत्या पेटीपासून राष्ट्रीय धोरणापर्यंत
(सुरत परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

आपल्या देशात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना तो सर्वसाधारणपणे १९७० नंतरच्या दूरदर्शनपासून किंवा १९८४ च्या संगणक प्रकल्पापासून सांगितला जातो. शालेय ग्रंथालयाचा इतिहास वेगळ्या पुस्तकात, वेगळ्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. बी.एड. च्या विद्यार्थ्याला पहिला विषय येतो आणि ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरा. या दोन इतिहासांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : सुरतेच्या अगदी शेजारी, बडोदा संस्थानात, १९१० नंतरच्या दशकात शिक्षणातील यंत्र आणि ग्रंथपाल ही दोन्ही एकाच खात्याखाली होती. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पातळीवर तंत्रज्ञानाचे धोरण जसजसे आकार घेत गेले, तसतसा त्यातून ग्रंथपाल बाजूला पडत गेला. याचा परिणाम आज सर्वात जास्त जाणवतो तो बहुभाषिक शहरांतील अल्पसंख्य माध्यमांच्या शाळांत. आणि सुरत हे असेच एक शहर आहे.

२. सुरत : छापखाना आणि वाचनालय

सुरत शहराला नव्या साधनांचे वावडे कधीच नव्हते. मोगल काळात हजयात्रेकरूंचे हे बंदर 'बाब-उल-मक्का' म्हणून ओळखले जाई. येथे व्यापाराबरोबर अरबी, फारसी, उर्दू व गुजराती अशा भाषा शेजारी शेजारी नांदल्या. एकोणिसाव्या शतकात बंदराचे महत्त्व ओसरले, पण शिक्षणाच्या नव्या हालचालींत शहर मागे राहिले नाही. १८४२ च्या सुमारास दुर्गाराम मेहताजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकांच्या प्रसारासाठी मंडळी स्थापून शिळाप्रेस आणला. १८४४ मध्ये त्यांनीच मानवधर्म सभेची स्थापना केली. १८५० मध्ये अँड्र्यूज लायब्ररी सुरू झाली. कवी नर्मद (१८३३–१८८६) याच शहराचा. त्याच्या नावाने आज महानगरपालिकेचे मोठे मध्यवर्ती ग्रंथालय चालते.

येथे शिळाप्रेसचा उल्लेख केवळ तपशील म्हणून केलेला नाही. उर्दूच्या नस्तालीक लिपीला खिळ्यांचा छापखाना कधीच नीट मानवला नाही. शिळाप्रेस मात्र मानवला, कारण कातिबाने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरवता येत होते. म्हणजे एखादे तंत्र शाळेच्या उपयोगी पडेल की नाही, हे ते आपल्या मुलांची लिपी स्वीकारते की नाही यावर ठरते. हा मुद्दा पुढे संगणकाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे, म्हणून तो आरंभीच नोंदवून ठेवला आहे.

३. बडोद्याचा प्रयोग : ग्रंथपालाच्या हाती यंत्र

सुरत शहर इंग्रजी अमलाखाली होते. पण शहराबाहेर थोडे गेले की बडोदा संस्थानाचा मुलूख लागे. कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगड ही सर्व ठिकाणे संस्थानच्या नवसारी प्रांतात होती. आजच्या सुरत व तापी जिल्ह्यांतील बरीच गावे एके काळी गायकवाडी गावे होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. शाळा सोडल्यावर मुलगा वाचायला विसरतो, मग सक्तीचा खर्च वाया जातो, ही अडचण लगेच पुढे आली. तिच्यावरचा उपाय म्हणून महाराजांनी ग्रंथालयांची योजना हाती घेतली. पेटलाद भागात मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासून मित्रमंडळ वाचनालये सुरू केलीच होती. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बोलावून राज्याच्या ग्रंथालय खात्याची उभारणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. ते १९१३ पर्यंत बडोद्यात होते. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी व पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम पाहिले. कुडाळकरांचे बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरील इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या योजनेची चार अंगे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले अंग पैशाचे. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय हे गावाचे राहिले. सरकारने पाठवलेली वस्तू झाले नाही.

दुसरे अंग फिरत्या ग्रंथालयांचे. निवडक पुस्तकांची लाकडी पेटी मध्यवर्ती कचेरीतून गावात जाई, ठरावीक मुदतीनंतर परत येई, आणि तिच्या जागी दुसरी जाई. पेटी पाठवण्याचा भार गावावर टाकला जात नसे. ज्या गावात अद्याप ग्रंथालय नव्हते तेथेही अशा रीतीने नवे पुस्तक पोहोचले. गावात ही पेटी सांभाळणारा मनुष्य बहुधा शाळामास्तरच असे.

तिसरे अंग प्रशिक्षणाचे. १९११ मध्ये बॉर्डन यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथालय प्रशिक्षणाचा हा आरंभ मानला जातो. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघाले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. ग्रंथपालाला त्याच्या कामाविषयी त्याच्याच भाषेत वाचायला मिळावे, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

चौथे अंग सर्वात कमी चर्चिले गेलेले आहे. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्न, तिच्या काचेवरील चित्रपट्टिका, स्टिरिओस्कोपची जोडचित्रे आणि चलच्चित्राचे यंत्र ही सर्व साधने या शाखेकडे होती. गावोगाव जाऊन लोकांना फुकट खेळ दाखवले जात. निरक्षर माणसालाही ज्ञान मिळावे व त्याला वाचनाची ओढ लागावी, हा त्यामागचा हेतू होता.

आजच्या भाषेत सांगायचे तर, ज्याला आपण 'शैक्षणिक तंत्रज्ञान' म्हणतो ते बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी ग्रंथालय खात्याचे एक उपांग होते. चित्र दाखवणारे यंत्र आणि पुस्तकाची पेटी एकाच कचेरीतून निघत होती. चित्र पाहून ज्याचे कुतूहल जागे झाले त्याच्या हाती पुस्तक देणारा माणूस त्या व्यवस्थेत उपलब्ध होता. या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः या रचनेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या प्रयोगाच्या मर्यादाही होत्या. तो एका राजाच्या इच्छेवर उभा होता. त्याला कायद्याचा आधार नव्हता. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही स्वतंत्र व्यवस्था मोठ्या यंत्रणेत मिसळून गेली.

४. मुंबई इलाखा आणि फैजी समिती

सुरत शहर ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे हा विचार उशिरा आला. १९३९ मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालय विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१). इस्लामी कायद्याचे थोर अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे ते त्या वेळी प्राचार्य होते. परंतु महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्थेचा आराखडा त्यांच्या समितीने घातला, ही गोष्ट आपल्या संस्थांतही फारशी सांगितली जात नाही. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली पुणे, अहमदाबाद व धारवाड येथील विभागीय ग्रंथालये, आणि मग क्रमाने जिल्हा, तालुका व खेडे अशी टप्प्याटप्प्याने उभारायची साखळी समितीने १९४० च्या अहवालात सुचवली. युद्धामुळे ती योजना लांबली व पुढे हळूहळू अमलात आली.

याच काळात कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल खान बहादूर के. एम. असदुल्ला हे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचे पहिले सचिव होते. आधुनिक ग्रंथालय चळवळीत मुस्लिम विद्वानांचा वाटा केवळ हस्तलिखिते जतन करण्यापुरता नव्हता, व्यवस्था उभारण्यातही होता, हे या दोन नावांवरून स्पष्ट व्हावे.

मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फैजी समितीचा विषय सार्वजनिक ग्रंथालयांचा होता. शाळेच्या ग्रंथालयाचा प्रश्न शिक्षण खात्याकडे राहिला. येथून दोन वाटा फुटू लागल्या.

५. स्वातंत्र्योत्तर काळ : दोन वाटा

१९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग) शालेय ग्रंथालयाला फार वरचे स्थान दिले. विज्ञानाला प्रयोगशाळा तसे सर्व विषयांना ग्रंथालय, असा आयोगाचा आशय होता. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा आणि त्याचा दर्जा व वेतन वरिष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचे असावे, अशीही अपेक्षा आयोगाने व्यक्त केली. ही शिफारस जर अमलात आली असती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

प्रत्यक्षात काय झाले? १९७१–७२ नंतर केंद्र सरकारची शैक्षणिक तंत्रज्ञान योजना आली आणि एन.सी.ई.आर.टी. मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडण्यात आले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. सकाळचा कार्यक्रम शाळेतील मुलांसाठी असे. गुजरातेत त्याच सुमारास खेडा जिल्ह्यातील पीज येथून स्थानिक प्रक्षेपण सुरू झाले. १९८४ मध्ये तंत्रज्ञानाचे काम पाहणारी केंद्रीय संस्था सी.आय.ई.टी. अस्तित्वात आली, आणि १९८४–८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पाद्वारे सुमारे २५० शाळांत बी.बी.सी. मायक्रो संगणक आले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची (आय.सी.टी.) केंद्रीय योजना सुरू झाली.

या संपूर्ण क्रमात निर्माता आहे, अभियंता आहे, प्रशिक्षित शिक्षक आहे. ग्रंथपाल दिसत नाही. पुस्तके मात्र दुसऱ्या वाटेने येत राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून राबवलेल्या 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' मध्ये प्राथमिक शाळांना खोल्या, दुसरा शिक्षक, नकाशे, खेळणी यांबरोबर ग्रंथालयाची पुस्तकेही मिळाली. ती बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद झाली, हा अनुभव त्या काळात शिक्षक असलेल्या प्रत्येकाला आहे. याला शिक्षकांचा आळस हे कारण देणे अन्यायाचे होईल. पुस्तक साठा नोंदवहीत चढले की हरवल्यास भरपाई ज्याच्या ताब्यात ते असेल त्याच्याकडून, या भीतीने कपाटाला कुलूप लागले. पुढे संगणकही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढले आणि संगणक कक्षाला तसेच कुलूप लागले. दोन्ही कुलपांचे कारण एकच : वस्तू वापरण्यासाठी नेमलेला माणूस नाही, सांभाळण्यासाठी जबाबदार धरलेला माणूस मात्र आहे.

ही फारकत का झाली? तीन कारणे संभवतात. एक, राज्यघटनेनुसार सार्वजनिक ग्रंथालये राज्यसूचीत आहेत, तर शिक्षण ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत आले. त्यामुळे केंद्राचा पैसा शिक्षणातील तंत्रज्ञानाकडे वाहत राहिला आणि ग्रंथालयांचे धोरण राज्याराज्यांत विखुरले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला, गुजरातेत तो २००१ मध्ये झाला. दोन, खाती वेगळी. गुजरातेत ग्रंथालय संचालनालय क्रीडा, युवा व सांस्कृतिक विभागाखाली आहे, शाळा शिक्षण विभागाखाली. तीन, खर्चाचे स्वरूप. यंत्राची खरेदी एकदाच होते व ती दाखवता येते. ग्रंथपालाचे वेतन दरमहा व निवृत्तीपर्यंत द्यावे लागते. कोणत्याही अर्थखात्याला पहिला खर्च सोयीचा वाटतो.

आय.सी.टी. योजनेत अनेक राज्यांनी खाजगी संस्थांशी पाच वर्षांचे करार केले. संगणकाबरोबर निदेशकही त्या संस्थेचा. करार संपला की निदेशक गेला व यंत्रे राहिली. शाळेत कायम राहणारा प्रशिक्षित ग्रंथपाल असता तर हे ज्ञान शाळेत टिकले असते.

६. कायदा आणि अलीकडील धोरणे

२००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टीची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. हे मोठेच पाऊल होते. पण त्याच अनुसूचीत मनुष्यबळाची जी यादी आहे, तिच्यात शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत, ग्रंथपाल नाही. कायद्याने ग्रंथालय दिले, ग्रंथपाल दिला नाही.

२०१२ मध्ये शालेय शिक्षणातील आय.सी.टी. चे राष्ट्रीय धोरण आले. त्यात प्राथमिक, मध्यम व प्रगत अशा तीन टप्प्यांत संगणक-कौशल्यांची कल्पना मांडली आहे, अध्यापनातील वापर, विशेष गरजा असलेली मुले, शालेय प्रशासन यांचा विचार आहे. धोरणाचा मुख्य भर शिक्षक, विद्यार्थी आणि प्रशासन या तिघांवर राहिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ग्रंथालयासाठी आठवड्याला एक तास राखावा व ग्रंथालयातच नवी साधने आणावीत, अशी दिशा दाखवली होती. ती दिशा योजनांच्या खर्चाच्या तक्त्यात उतरली नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय ज्ञान आयोगाने ग्रंथालयांवर स्वतंत्र अहवाल दिला, पण त्याचा भर मुख्यतः सार्वजनिक ग्रंथालयांवर होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सार्वजनिक व शालेय ग्रंथालये वाढवण्याची, तसेच पुरेसा ग्रंथालय कर्मचारीवर्ग, त्यांची बढतीची वाट व सातत्याने प्रशिक्षण यांची भाषा आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा हा उल्लेख येतो तो प्रौढ शिक्षणाच्या एकविसाव्या प्रकरणात. तंत्रज्ञानाची प्रकरणे तेविसावे व चोविसावे. दोहोंमध्ये पूल नाही. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान मिळू लागले. ते पुस्तकांसाठी आहे. पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्यासाठी नाही.

केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांत ग्रंथपालाचे पद आहे. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांत विद्यार्थिसंख्येनुसार पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल असतो. अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करण्याचा प्रश्न कित्येक वर्षे मंत्रालय व न्यायालय यांच्या दारी फिरत राहिला. म्हणजे पद निर्माण करणे अशक्य नाही. ते कोणाच्या मुलांसाठी निर्माण होते, हा खरा प्रश्न आहे.

७. सुरतेतील वर्ग आणि लिपीचा प्रश्न

कापड व हिऱ्याच्या धंद्यामुळे सुरतेत देशभरातून कष्टकरी आले. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठीभाषक कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तसाच उर्दू शिकणाऱ्या मुलांचा वर्गही आहे. महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवल्या आहेत. देशातील फार थोड्या शहरांनी इतक्या भाषांची सोय केली असेल. या गोष्टीचे श्रेय शहराला दिलेच पाहिजे.

पण माध्यमाची शाळा असणे आणि त्या माध्यमाचे वाचन-साहित्य असणे यांत अंतर आहे. गुजरातेत २०१७ पासून 'ज्ञानकुंज' योजनेखाली सातवी-आठवीच्या वर्गांत प्रोजेक्टर व संगणक आले. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा 'दीक्षा' मंच, दूरदर्शनच्या वाहिन्या व मोबाइल यांवर शिक्षण चालले. अशा वेळी उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच्या भाषेतील योग्य पाठ कोठे आहे, कोणत्या राज्याच्या मंडळाचा आहे, आपल्या इयत्तेला तो चालेल काय, हे शोधून देणारा माणूस हवा होता. साहित्य निवडणे, पारखणे, वर्गीकरण करणे व योग्य वाचकापर्यंत पोहोचवणे हे ग्रंथपालाचेच काम आहे. वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे तत्त्व डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. पुस्तकाच्या जागी पाठाची चित्रफीत आली तरी तत्त्व बदलत नाही. हे काम वर्गशिक्षकांनी रात्री जागून, एकमेकांना दुवे पाठवून केले. त्यांच्या श्रमाचा आदर ठेवूनही म्हणावे लागेल की ती व्यवस्था नव्हती.

लिपीचा प्रश्न येथे पुन्हा येतो. नव्वदच्या दशकात उर्दूचे टंकलेखन मुख्यतः 'इनपेज' मध्ये व मराठीचे निरनिराळ्या खाजगी फाँटमध्ये होत असे. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येत नसे. त्यामुळे ग्रंथालयांच्या संगणकीकृत तालिकेत उर्दू व मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत चढवण्याची प्रथा पडली. प्रस्तुत लेखकाने सुरतेतील एका शाळेत अशी तालिका पाहिली आहे. एकाच लेखकाचे नाव तीन प्रकारच्या स्पेलिंगने तीन ठिकाणी आले होते. कपाटात पुस्तक होते. संगणक म्हणत होता की नाही. तेथील जुन्या हस्तलिखित दाखलनोंदवहीत मात्र तेच पुस्तक सुवाच्य उर्दूत नोंदलेले होते. नव्या साधनाने त्या मुलांना एक पाऊल मागे नेले होते.

ही अडचण आता तंत्राची राहिलेली नाही. युनिकोडमुळे देवनागरी व उर्दू दोन्ही लिपी एकाच तालिकेत येऊ शकतात. 'कोहा' हे मुक्त सॉफ्टवेअर, राष्ट्रीय सूचना केंद्राचे 'ई-ग्रंथालय' आणि आपल्याच राज्यातील गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'सोल' यांत भारतीय लिपींची सोय झाली आहे. राहिली आहे ती नोंद करणाऱ्या, दोन्ही लिपी जाणणाऱ्या माणसाची अडचण.

८. निष्कर्ष आणि काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात. पहिली, शिक्षणातील यंत्र व ग्रंथपाल यांची फारकत स्वाभाविक नाही. बडोद्याच्या उदाहरणात ती नव्हती. दुसरी, ही फारकत खात्यांची रचना, घटनेतील विषयवाटणी आणि खर्चाची सोय यांतून घडली; कोणी ठरवून केली असे दिसत नाही. म्हणूनच ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे. तिसरी, तिचा भार सर्व मुलांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी पुस्तके व संगणक आहेत त्याचे ग्रंथपालावाचून फारसे अडत नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलाचे अडते, आणि त्याची भाषा शहराची मुख्य भाषा नसेल तर अधिकच अडते.

सरकारकडे पदांची मागणी करीत राहिले पाहिजे. शिक्षणाधिकार कायद्याच्या अनुसूचीत ग्रंथपालाचा समावेश व्हावा ही मागणी शिक्षक संघटनांनी व आपल्यासारख्या संस्थांनी मिळून लावून धरली पाहिजे. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. संस्थांना आपल्या अधिकारात पुढील गोष्टी करता येतील.

(अ) शाळेतील संगणक कक्ष व ग्रंथालय एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली, शक्य तर लगतच्या खोल्यांत असावे. (आ) चार-पाच शाळांनी मिळून एक प्रशिक्षित ग्रंथपाल नेमावा. बडोद्याच्या तिहेरी वर्गणीप्रमाणे खर्च वाटून घ्यावा. (इ) शाळाशाळांत फिरणारी उर्दू व मराठी पुस्तकांची पेटी सुरू करावी. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या काळात जे जमले ते आज रिक्षाने जमायला हरकत नाही. (ई) तालिका मूळ लिपीतच करावी; रोमन नोंद हवी तर जोडीला असावी. (उ) 'रेख्ता' वरील उर्दू ग्रंथ, मराठी विश्वकोशाचे खंड, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय व 'दीक्षा' यांवरील मोफत साहित्यातून इयत्तावार निवडक याद्या करण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतील भाषा विभागांनी प्रकल्प म्हणून हाती घ्यावे. (ऊ) हरवलेल्या पुस्तकांची ठरावीक टक्केवारी दरवर्षी विनाचौकशी निर्लेखित करण्याचा ठराव संस्थेने करावा, म्हणजे कपाटाचे कुलूप उघडेल.

यांतील शेवटची सूचना सर्वात किरकोळ वाटेल. पण शाळांच्या अनुभवावरून असे वाटते की सुरुवात तेथूनच करावी. त्याला अनुदान लागत नाही, उपग्रह लागत नाही. व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीतील ठराव पुरतो. आपल्या महाविद्यालयात येणारे विद्यार्थी याच शाळांतून येतात. त्यांना संदर्भ शोधता येत नाही अशी तक्रार आपण सर्वच शिक्षक करतो. संदर्भ शोधायला शिकवणारा माणूस त्यांना बारा वर्षांत भेटलाच नाही, याचा विचार त्या तक्रारीआधी व्हावा, एवढीच विनंती.